आमच्या गल्लीतली शनिवारची रात्र

रात्री बाकावर बसलेला माणूस आणि रात्री पायरीवर बसलेला माणूस यांच्यात फार मोठा फरक असतो, हे मला म्हातारपणी पोलिसांनी शिकवलं. बाकावर बसतो तो नागरिक. पायरीवर बसतो तो कोण, हे चौकशीनंतर ठरतं.

झालं असं, की मी रंगाच्या दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. दुकान बंद, गल्ली बंद, कोपऱ्यावरचा एकुलता एक दिवा मनात येईल तेव्हा लागणारा, आणि त्या रात्री त्याच्या मनात नव्हतं. गस्तीची गाडी आली, थांबली, आणि आतल्या तरुण शिपायानं अगदी अदबीनं विचारलं, काका, इथं काय करताय. मी म्हटलं, बसलोय. उत्तर खरं होतं, पूर्ण होतं आणि डोळ्यांना दिसत होतं, तरी त्याचं समाधान होईना. कुणाची वाट बघताय का, घर सापडत नाहीये का, काही हरवलंय का, असं करत करत तो घरच्यांनी बाहेर काढलंय का इथपर्यंत आला. हा प्रश्न खऱ्याच्या इतक्या जवळून गेला की मी गप्प झालो, आणि गप्प बसणं म्हणजे तर पुरावाच. दोन दुकानं पलीकडे एक जण पोतं पांघरून घोरत पडला होता. त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. झोपलेला माणूस रात्री कुठंही चालतो. जाग्या माणसाला मात्र जागा नाही.

मला गाडीत बसवून माझ्याच दारात, म्हणजे हाकेच्या अंतरावर, आणून सोडण्यात आलं. आमच्या इमारतीच्या ज्या खिडक्या शेजारी चोरी झाली तरी उघडत नाहीत, त्या सगळ्या उघडल्या. उतरताना तो शिपाई म्हणाला, "काका, तिथं बाक असता ना, तर आम्ही विचारलंही नसतं."

माझ्या डोक्यात बाक शिरला तो असा.

आता मी पायरीवर का होतो, ते सांगायला हवं. उभा जन्म मी पावाच्या कारखान्यात रात्रपाळी केली. भट्टीवर होतो. मी निवृत्त झालो, पण शरीराला तसं कुणी कळवलं नाही. दिवस मावळला की डोळे टक्क उघडायचे. मग घरातल्या घरात फेऱ्या. फेऱ्या घालता घालता एखादं भांडं नीट लावून ठेवावं, कपड्यांच्या घड्या विस्कटल्या असतील तर मोडून पुन्हा घालाव्यात, असा माझा स्वभाव. आमची ही म्हणायची की घरात उंदीर असता तर बरा, त्याला निदान पिंजरा लावता आला असता.

तिचं चूक नव्हतं. लग्नापासून ती रात्री एकटी झोपायची. दाराला कडी, कडीला आतून खुर्ची, उशाशी बारीक आवाजात रेडिओ. तिची ती घडी बसली होती आणि मी म्हातारपणी येऊन ती विस्कटली. खालच्या मजल्यावर आमच्या इमारतीचा सेक्रेटरी राहायचा. बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, एकटा माणूस. तो रोज सकाळी जिन्यात गाठून माझ्या फेऱ्यांचा अहवाल द्यायचा. काल स्वयंपाकघराकडे जास्त कल होता तुमचा, असं काहीतरी.

शेवटी एका सकाळी हिनं चहाचा कप ठेवला आणि शांतपणे सांगितलं, की लेकीशी बोलणं झालंय, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती न्यायला येते. मी विचारलं, किती दिवस. "झोप भरून निघेपर्यंत," ती म्हणाली. "आणि बाकी बरीच साठलीये."

ती चिडून बोलली असती तर मी घाबरलो नसतो. चिडलेली बायको रात्रीपर्यंत निवळते. शांत बायको सामान बांधते.

शेजाऱ्यांना ही बातमी कळायला जिना उतरण्याइतकाच वेळ लागला. मग सल्ले सुरू झाले. समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरनं तळपायाला तेल चोळायला सांगितलं. त्याच्या पेशाशी तळपायाचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. फुकट सल्ल्याचे दात मोजू नयेत. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी गरम दूध सुचवलं. रंगवाल्यानं सांगितलं की त्याचे वडील शेवटी शेवटी भिंतीला रंग देताना झोपायचे, तेव्हा मी एखादी भिंत घ्यावी. मी सगळं केलं. तेल लावून फेऱ्या घातल्या तर पाय घसरून आपटलो, आणि सेक्रेटरीच्या अहवालात नवीन कलम आलं. भिंत तेवढी घेतली नाही.

म्हणून मी रात्री गुपचूप खाली उतरायला लागलो. घर तिला, रस्ता मला. पण नऊ वाजले की आमची गल्ली अशी मिटायची, की जणू आत कुणी आजारी आहे. बसायला काही नाही, बोलायला कुणी नाही, उजेड नाही. म्हणून पायरी. आणि पायरीवर पोलीस. बाक मिळाला असता तर सगळंच सुटलं असतं. मी खाली, ही वर, सेक्रेटरी मधे, आणि तिघंही सुखात.

एक बाक मागायला पालिकेत जाणं म्हणजे काय, असं मला वाटलं होतं. माझं वय पाहता मला असं वाटायला नको होतं.

उद्यान खात्यात सांगितलं, बाक आमचेच, पण ते बागेत बसवतो. तुमच्याकडे बाग आहे का? नाही. झाड? तेही नाही. एखादं झाड असेल तर त्याला बाग म्हणता येईल असं बघू, म्हणाले. झाडांचं खातं वेगळं. तिथले गृहस्थ म्हणाले, फूटपाथवर खड्डा करायला रस्ते खात्याची परवानगी आणा. रस्ते खात्यात एक सज्जन भेटले. त्यांनी मला बसवून घेतलं, पाणी दिलं, आणि समजावलं की फूटपाथ हा चालण्यासाठी असतो. त्यावर बसण्याची सोय केली तर ते त्यांच्याच खात्यानं केलेलं अतिक्रमण ठरेल आणि त्यांना स्वतःलाच नोटीस काढावी लागेल. मी म्हटलं, रात्री कुठं कुणी चालतं? त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. रात्रीचं आमच्याकडे काहीच येत नाही, म्हणाले. मी चौकशी केली. खरोखरच, दिवे लावणं सोडलं तर सूर्यास्तानंतरचं शहर कुठल्याच खात्याकडे नव्हतं. संध्याकाळी सगळे जण दारं लावून शहर तिथंच ठेवून घरी जात.

या सगळ्या चकरा अर्थातच दिवसा. कार्यालयं दिवसा उघडतात, साहेब जेवणाच्या आधी भेटतात आणि रांग त्याच्याही आधी लागते. माझी दिवसाची झोप, जी मी आयुष्यभर सांभाळली, ती त्या बाकापायी गेली. पण ध्येय समोर असलं की माणूस असल्या गोष्टींकडे लक्ष देत नाही.

रस्ते खात्यातल्या सज्जनांनी, बहुधा माझी पाण्याची तहान पाहून, मला सर्वांत वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथं नगररचना. तिथल्या बाई तरुण होत्या. केसांत दोन पेन्सिली खोचलेल्या, त्यांतली एक त्या बराच वेळ टेबलावर शोधत होत्या. भिंतीवर शहराचा मोठा नकाशा. मी बाक म्हटलं, रात्री म्हटलं, आणि त्या उभ्याच राहिल्या. शहराच्या रात्रीसाठी पालिकेनं एक योजना केली होती. रात्री काम करणारे, रात्री प्रवास करणारे, झोप न येणारे, यांच्यासाठी उजेड, बसायला जागा, उघडी दुकानं, चार माणसं एकत्र येतील अशी गल्ली. योजना मंजूर होऊन पडली होती. एकाही गल्लीनं मागणी केली नव्हती.

"तुम्ही पहिले," बाई म्हणाल्या.

मी नम्रपणे म्हटलं, मला फक्त बाक हवाय. बाक एकटा येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाक आला की उजेड आला, उजेड आला की माणसं, माणसं आली की शिंपीणबाई दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवतील, दुकान उघडं असलं की बाईमाणसाला रस्त्यानं जायला भीती नाही. हे सगळं त्या इतक्या आनंदानं सांगत होत्या की मला नाही म्हणवेना. त्यांनी निळी पेन्सिल घेतली आणि नकाशावर आमची गल्ली निळी करून टाकली. अख्ख्या पिवळ्या शहरात एक निळी रेघ. मला उगाच भरून आलं. मग त्यांनी अट सांगितली. एक रात्र प्रयोग करायचा. मोठे साहेब स्वतः येऊन पाहणार. त्या रात्री गल्लीत माणसं दिसली तर योजना पक्की; नाही दिसली तर गल्ली पुन्हा पिवळी, आणि मग निदान माझ्या हयातीत तरी बाक नाही. तारीख निघाली ती नेमकी हिच्या जाण्याच्या आदल्या दिवसाची. शनिवारची रात्र.

गल्लीत माझ्याआधी बातमी पोचली होती. मी जिना चढेपर्यंत बाकाचा बार झाला होता. सेक्रेटरीनं सभा बोलावली. शांतता हीच या गल्लीची मिळकत आहे, असं तो उभं राहून म्हणाला, आणि ते म्हणताना बाकीच्यांना शांत बसवायला त्याला तीनदा टेबल वाजवावं लागलं. दारुडे येतील, असं एकाचं म्हणणं. डास येतील, असं दुसऱ्याचं, उजेडाला येतातच. डॉक्टर म्हणाला, लोक रात्री गोड खातील. हे तो विरोधात बोलला की बाजूनं, ते कुणालाच नीट कळलं नाही. शिंपीणबाई एकट्या माझ्या बाजूनं होत्या. त्यांची गिऱ्हाइकं नोकरी करणारी, ती यायला निघतात तेव्हा यांनी दुकान ओढून घेतलेलं असतं. शेवटी सेक्रेटरीनं मला विचारलं की अहो, तुमच्यासारखा निशाचर या शहरात आहे तरी कोण दुसरा? निशाचर हा शब्द मला लागला. आयुष्यभर ज्यांच्या सकाळच्या चहाला मी पाव पुरवला, त्यांनी मला निशाचर म्हणावं.

त्या रागातच मी कारखान्यात गेलो. माझी जुनी तुकडी तीच होती. कणीक मळणारा मिस्त्री तर माझ्याच वयाचा, अजून सोडत नव्हता. त्याला म्हटलं, माणसं हवीत, रात्रीची माणसं. त्यानं मान हलवली. विचारलं, कधी. मी म्हटलं, शनिवारची रात्र. तो म्हणाला, योग बघा, त्या आठवड्यात आपल्या तुकडीला सुट्टीच शनिवारच्या रात्रीची आहे. त्याची बहीण दवाखान्यात रात्री आया असते, ती तिकडच्यांना सांगेल. मेहुणा टॅक्सीवाला, तो स्टँडवर सांगेल. काळजी करू नका, मिस्त्री म्हणाला, घरचं कार्य समजून येतो.

मी तरंगत घरी आलो. हिला सांगितलं. ती बॅग भरत होती. बघू, म्हणाली, आणि एक शाल घडी करून आत ठेवली.

शुक्रवारी दिवसभर पळापळ झाली. दिवाबत्तीवाले खांब कुठं लावायचे ते विचारायला आले, मंडपवाले चुकीच्या गल्लीत गेले, त्यांना हाताला धरून आणलं. संध्याकाळी जेवलो आणि जरा पाठ टेकली. उद्याच्या भाषणात काय बोलायचं याचा विचार करत होतो, एवढं आठवतं.

डोळे उघडले तेव्हा खिडकीत ऊन होतं. असं ऊन मी झोपेतून उठून कधीच पाहिलं नव्हतं; कामावरून येताना पाहिलं होतं, ते वेगळं. रात्रभर झोपलो होतो. कार्यालयांच्या वेळांनी जे केलं होतं, ते तेलानं आणि दुधानं झालं नव्हतं. आनंदानं हिला उठवावं म्हणून पाहिलं तर अंथरूण रिकामं. वाटलं, एक दिवस आधीच गेली.

ती दारातून आत येत होती. केस विस्कटलेले, डोळे लाल, अंगावर बॅगेतून काढलेली शाल. हातात एक ऊन ऊन पाव.

"तुमची माणसं येऊन गेली," ती म्हणाली.

आता इथं मला आमच्या कारखान्याची एक रीत सांगावी लागेल. आमच्याकडे रात्रीला नाव पडतं ते पाव ज्या दिवशी खाल्ला जाणार त्या दिवसाचं. सोमवारी लोक जो पाव खातात तो रविवारी रात्री भट्टीत असतो, म्हणून ती सोमवारची रात्र. कामावर येतानाच पुढचा दिवस सुरू. सगळं जग कॅलेंडरचं पान सकाळी उलटतं, आम्ही संध्याकाळी. निवृत्त झाल्यावर मी गुमान जगाच्या कॅलेंडरवर आलो होतो, पण कारखान्याच्या दारातून आत पाऊल टाकलं की जीभ आपोआप तिकडची होते. मिस्त्रीच्या दृष्टीनं शनिवारची रात्र म्हणजे शुक्रवारची. बाहेरच्या लोकांना हे कळत नाही म्हणून त्यानं बहिणीला, मेहुण्याला, सगळ्यांना नीट फोड करून सांगितलं होतं की शुक्रवारी या. फोड करून सांगायचं राहिलं ते एकट्या मला, कारण मी त्यांच्यातला.

मग ती रात्र मला हिच्या तोंडून ऐकावी लागली, ज्या रात्रीसाठी मी महिनाभर चपला झिजवल्या.

खिडकीखाली मिस्त्रीनं हाक मारली. ही जागी झाली. तिनं मला हलवलं, चिमटा काढला, तोंडावर पाणी मारलं. मी झोपेत म्हणालो म्हणे, दार लावा, वाफ जातेय. मग ती खिडकीशी गेली. खाली अंधारात पंचवीस-तीस माणसं उभी, कुणी डबे घेऊन, कुणी सतरंजी घेऊन. दवाखान्यातल्या आया, दोन पहारेकरी, टॅक्सीवाले, कारखान्याची तुकडी. आठवड्याची एक रात्र सुट्टी, ती आमच्याकडे घालवायला आलेली. त्यांना परत कसं पाठवायचं? तिनं शाल घेतली, दाराची खुर्ची काढली, कडी काढली आणि खाली उतरली.

चहाचं आधण ठेवून झालं तेव्हा सेक्रेटरी बॅटरी घेऊन तणतणत खाली आला. एकाही खांबाला अजून तार जोडलेली नव्हती, गल्लीत काळोख, आणि तिथं उजेडाची एवढीच वस्तू. मिस्त्रीनं त्याचे आभार मानले आणि बॅटरी जरा चहावर धरायला सांगितली. मग कपांवर धरायला सांगितली. माणसानं एकदा बॅटरी धरली की त्याला रागावता येत नाही, उजेड हलतो. पुढं टॅक्सीवाल्यानं डिकीतून बुद्धिबळाचा पट काढला. सेक्रेटरी बँकेत असताना बुद्धिबळात कुणाला हार जायचा नाही. निवृत्तीनंतर त्याच्याशी खेळायला कुणी उरलं नव्हतं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तो बसला. खिडक्या उघडायला लागल्या. शिंपीणबाई आल्या. डॉक्टर आला, त्यानं आयांना तळपायाला तेल लावायला सांगितलं. गाणी झाली. पहाटे एक जण सायकलवर जाऊन कारखान्यातून ताजा पाव घेऊन आला.

हिनं हे सगळं मला उभ्यानं सांगितलं. मग पाव ताटलीत ठेवला आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मी जागच्या जागी सरळ बसलो.

"रात्रपाळीत मधल्या चहाला तुम्ही रोज काय म्हणायचा?" तिनं विचारलं.

मला कळेना.

"मिस्त्री सांगत होते. रोज म्हणायचे म्हणे, आता आमची ही कूस बदलत असेल. अख्ख्या कारखान्याला माझी कूस माहीत. आयांनासुद्धा."

मी म्हटलं, अगं, वेळ जायला काहीतरी बोलायचं. ती आत जाऊन झोपली, ती दुपार उलटेपर्यंत उठली नाही. मिस्त्रीला गाठावं म्हणून मी धावत कारखान्यात गेलो, तर त्यांची सुट्टी संपलेली; आज रात्री रविवारचा पाव. आयांची पाळी. टॅक्सीवाले स्टँडवर. एकही माणूस मोकळा नव्हता.

आणि मग शनिवारची खरी, म्हणजे तुमच्या कॅलेंडरची, रात्र उजाडली. उजाडली हाच शब्द योग्य. पालिकेनं इतके दिवे लावले होते की समोरच्या वळचणीतल्या पाखरांनी किलबिल सुरू केली. मंडप, खुर्च्या, स्वागताची कमान. मोठे साहेब आले, जांभई देत. बरोबर पेन्सिलीवाल्या बाई. आणि गल्लीत कोण, तर मी, आमची ही, आणि वायरमन. बाकी अख्खी गल्ली कालच्या जागरणानं मेल्यासारखी झोपली होती. ज्यांच्या खिडक्या काल उघड्या होत्या, त्यांनी आज दिव्यांमुळे पडदे ओढून घेतलेले. साहेबांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. वायरमनला धरता येणार नाही, तो कामावर आहे, असं त्यांनी सांगितलं. एक कुत्रं आलं होतं, तेही इतका उजेड बघून परत गेलं.

मी घडलेलं सांगायला लागलो. काल होते हो साहेब, सगळे होते, मी झोपलो होतो, पण होते. साहेबांच्या चेहऱ्यावर ती गस्तीच्या शिपायाची अदब आली. आणि खरं सांगतो, मलाही पेंग यायला लागली होती. बाईंच्या हातातल्या कागदावर आमची निळी रेघ होती आणि त्या तिच्याकडे न बघता उभ्या होत्या. मनात आलं, आता ही उद्या जाणार. मी रात्री झोपायला लागलो, पण ते तिला अजून नीट सांगितलंही नव्हतं; आणि सांगितलं असतं तरी कालपासून तिला झोपेचं काही पडलेलं दिसत नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावरून सेक्रेटरी खाली आला. डोळ्यांवर हात धरून. दिव्याचा झोत थेट त्याच्या अंथरुणावर पडत होता. साहेब पाहिल्यावर त्याच्यातला हेडक्लार्क जागा झाला. तक्रार नोंदवायची आहे, म्हणाला.

"काल पहाटेपर्यंत इथं माणसं होती," तो म्हणाला. "पंचवीस-तीस. बायकाही. चहा, गाणी, सगळं चालू."

साहेबांची जांभई अर्ध्यात थांबली. "तुम्हाला काय माहीत?"

"मी होतो ना."

"कधीपर्यंत?"

"डाव अर्धा राहिला तोपर्यंत. त्याचा वजीर घेतलाय मी." सेक्रेटरीचा आवाज जरा वर गेला. "उरलेला डाव पुढच्या शनिवारच्या रात्री. म्हणजे शुक्रवारी. तेव्हा हे दिवे कमी करा, पटावर चमक मारते."

बाई भराभर लिहून घेत होत्या. दुसरी पेन्सिल त्यांना अखेर सापडली होती. साहेब माझ्या बायकोकडे वळले आणि विचारलं, की ताई, रात्रीच्या वेळी इथं बाईमाणूस खरंच बसेल का? तिला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. तिनं पदर नीट केला.

"इतकी वर्षं मी दाराला खुर्ची लावून झोपले," ती म्हणाली. "वाटायचं, बाहेर कुणी नसतं. त्याचीच भीती वाटायची. काल खाली आले तर माणसं होती." मग जरा थांबून म्हणाली, "दार उघडंच राहिलं रात्रभर. सकाळी आठवलं."

साहेबांनी एक खुर्ची ओढली, तिच्यात बसले आणि चहा मिळेल का असं विचारलं. पेन्सिलीवाल्या बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी काही ते पाहिलं नाही. ते मला नंतर सांगण्यात आलं. मला खुर्चीतच झोप लागली होती.

रविवारी लेक आली ती रिक्षा खाली थांबवून. हिनं दार उघडलं, तिला आत घेतलं, आणि म्हणाली, बस, दमली असशील, मला यायला जमणार नाही. लेकीनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी बॅग रिकामी करत होतो. मला सांगितलं गेलं होतं तसं.

बाक पावसाळ्याआधी आला. लोखंडी, पाठीला लाकडी पट्ट्या, वर एक बेताचा दिवा. तो बसवताना उद्यान खात्याचे, रस्ते खात्याचे, दिवाबत्तीचे, सगळे हजर होते, आणि मधोमध मला उभं केलं होतं. पहिला बसण्याचा मान माझा. संध्याकाळी मी स्वच्छ कपडे करून जाऊन बसलो. शिंपीणबाईंचं दुकान उघडं होतं, आतून मशीनचा आवाज येत होता. रस्त्यावर पोरीबाळी चालत होत्या. ही शेजारी येऊन बसली. तिच्या पलीकडे कामावर निघालेली मिस्त्रीची बहीण. मी पाय लांब केले आणि मनाशी म्हटलं, झालं एकदाचं.

कुणीतरी कोपर मारलं. ही होती.

"अहो, वर जाऊन झोपा," ती हळू आवाजात म्हणाली. "घोरताय. इथं लोकांना बोलता येत नाही."

मी वर आलो. अंथरुणावर पडलो. खालून बोलणी ऐकू येत होती, कपांचे आवाज येत होते, आणि मधूनच तिचं हसणं. इतकं मोकळं ती हसते हे मला माहीत नव्हतं, आणि ते ऐकत पडून राहायला एरवी मला आवडलंही असतं, पण डोळे मिटत होते आणि आवाज मिटू देत नव्हता. मनात आलं, तक्रार करावी. आमच्या इमारतीत आवाजाची तक्रार सेक्रेटरीकडे करायची असते. म्हणून उठून खिडकीतून खाली पाहिलं. सेक्रेटरी बाकावर माझ्याच जागी बसला होता, आणि ही त्याला विचारत होती की साखर किती.